फोटोपुढची बाटली

शैलाने बाटलीला पंचा गुंडाळला, तारेची जाळी सोडवली आणि बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवली. वायनरीत उभा जन्म घालवलेल्या नवऱ्यानेच तिला हे शिकवलं होतं. "फटाक्यासारखं बूच उडवतात ते अडाणी," तो म्हणायचा. "बाटलीने नुसता सुस्कारा टाकला पाहिजे."

लेकीचं लग्न ठरलं की उघडायची म्हणून ही फेसाळती वाइन त्यानेच आणली होती आणि गोणपाटात गुंडाळून कॉटखाली आडवी ठेवली होती. तो गेल्यावर, त्याची वस्तू अशी अडगळीत नको, म्हणून शैलाने ती पुसून त्याच्या फोटोपुढे उभी केली.

बूच निघालं. सुस्कारासुद्धा आला नाही.

पेल्यात वाइन निपचित पडून राहिली. एकही बुडबुडा वर येईना. लेकीने घोट घेतला आणि तोंड वाकडं न करता म्हणाली, "छान आहे गं, आई."

"खोटं बोलू नकोस."

"उभी ठेवून उजेडाची धग लागली की मरते ती, आई. बाबा सांगायचे ना?"

"मग मी कुठे उजेडात ठेवली होती? इथंच तर होती, ह्यांच्याजवळ."

लेक फोटोकडे बघत राहिली. हारावरचा तांबडा बल्ब नवरा गेला त्या दिवसापासून रात्रंदिवस जळत होता. तो उजेड शैलाला कधी उजेड वाटलाच नव्हता.

ती उठून बटणापर्यंत गेली. पण तिच्याने तो बंद करवेना.