हिरामणचा हात

"ड्रम मंग बघा. आधी ऐका," हौसा म्हणाली आणि तिने आतल्या दारावरचा पडदा सारखा केला.

गोपाळकृष्ण मुकाट्याने ओटीवर बसले. ज्याच्यासाठी ते रोह्याहून धरमतरच्या खाडीकाठच्या या गावात आले होते, तो ड्रम त्या पडद्याआड होता. बँडवाले त्याला साइड ड्रम म्हणतात, गोपाळकृष्णांसारखे जमवणारे ऐटीत स्नेअर म्हणतात. खालच्या चामड्यावर तारा ताणलेल्या असतात, म्हणून आवाज कसा चुरचुरीत येतो.

रोह्याच्या घरी अशा जुन्या ड्रमांची त्यांची एक अख्खी खोली होती. "पाहुण्यांना झोपायला जागा नाही, पण ड्रमांना पंखा आहे," असं त्यांच्या पत्नी मालतीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर या माणसाला धरबंदच उरला नव्हता. पण खरं सांगायचं तर ते सगळे ड्रम त्यांनी एकाच आवाजाच्या शोधात घेतले होते, आणि तो आवाज त्यातल्या एकातही नव्हता.

तो त्यांनी लहानपणी ऐकला होता, काकाच्या वरातीत. खाडीकडचा बँड आला होता आणि साइड ड्रमवर होता हिरामण. किडकिडीत अंगाचा, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, तांबड्या कोटाच्या बाह्या पार बोटांवर आलेल्या. त्याने काड्या चालवल्या आणि नवरदेवाचा घोडासुद्धा जागच्या जागी उभा राहिला. छोट्या गोपाळच्या अंगावर तेव्हा जो काटा आला, तो अजून पुरता गेला नव्हता.

वरातीनंतर बाकीचे बँडवाले पंगतीला बसले. हिरामण मात्र कोणाशी एक शब्द न बोलता निघून गेला. मोठ्या कलावंताची ऐट, लोक म्हणाले. आधी हा साधंच वाजवायचा, लग्न झालं आणि बायकोच्या पायगुणाने त्याचा हात उघडला, असंही कोणीतरी म्हणालं. त्यावर बँडवाले नुसतेच हसले होते.

पेणचा हरेशही ड्रम जमवायचा, पण पक्का व्यवहारी. हिरामणचा पत्ता सांगण्याच्या बदल्यात त्याने गोपाळकृष्णांचा सगळ्यात चांगला, पितळी अंगाचा विलायती ड्रम मागून घेतला. नुसत्या पत्त्यासाठी! मालतीबाईंनी कपाळाला हात लावला. आता हिरामणचा ड्रमही हातचा गेला, तर तेलही गेलं, तूपही गेलं आणि हाती धुपाटणं.

"हिरामणदादा स्वतः वाजवणार ना?" गोपाळकृष्णांनी त्याच्या बायकोला, हौसाला विचारलं.

"तर काय. पन तुमच्याम्होरं नाय. कोट घातल्याबिगर त्यांनी लोकांम्होरं कवा वाजवला नाय. तो कोट बी आता फाटला."

आतून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू आला. "मास्तर लांबून आलेत. चाय ठेव गो, हौसे."

"ठेवते," म्हणत हौसाने हातातल्या हिरव्या बांगड्या वर सारल्या, भाकरी थापायला बसताना बायका सारतात तशा, आणि ती पडद्याआड गेली.

मग ते सुरू झालं.

आधी नुसत्या तारा कुजबुजल्या. भरतीचं पाणी खाजणात शिरताना होतो, तेवढाच आवाज. मग तो चढत गेला. एकेक ठोका सुटा आणि तरी सगळे मिळून एकच सलग धार. गोपाळकृष्णांनी ओटीची कड घट्ट धरली. तोच! अगदी तोच! इतक्या वर्षांत त्याचा एक कणही उणा झाला नव्हता. शेजारच्या अंगणात जाळं दुरुस्त करत बसलेल्या माणसाने हातातली सुई खाली ठेवली. माणसाच्या हातात एवढं काही असू शकतं? ज्यांच्या धाकाने पोरं चळाचळा कापायची, ते मास्तर ओटीवर बसून घळाघळा रडत होते.

आवाज थांबला. थोड्या वेळाने हौसा ड्रम घेऊन बाहेर आली आणि पदराने तोंड पुसू लागली. चहाचा पत्ता नव्हता, पण आता चहा हवा होता कोणाला?

गोपाळकृष्णांनी घासाघीस न करता पाकीट तिच्या हातात दिलं. ड्रम मांडीवर घेतला, काड्या उचलल्या आणि वाजवून पाहिलं.

टण्.

पुन्हा वाजवलं. पुन्हा टण्. घरच्या खोलीतल्या बाकीच्या ड्रमांसारखाच. त्यांचा चेहरा उतरला. मग ते स्वतःशीच हसले. ड्रम कितीही जमवले तरी तो हात कुठून आणणार?

"वहिनी, मला एकदा आत जाऊ द्या. दादांच्या पाया पडतो आणि निघतो."

हौसा दारातच आडवी उभी राहिली.

"येऊ दे गो," आतून आवाज आला. "बँडवाले समदे गेले. आता कोनाची भीती?"

हिरामण कॉटवर पडला होता. चादर गळ्यापर्यंत ओढलेली. गोपाळकृष्णांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"दादा, लहानपणी वरातीत ऐकलं होतं तुम्हाला. तुमचा हात एकदा डोक्यावर ठेवा."

हिरामणने डावा हात बाहेर काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"उजवाही ठेवा ना."

म्हातारा हसला. त्याने चादर बाजूला केली. सदऱ्याची उजवी बाही कोपराशी गाठ मारून लोंबत होती.

"तो व्हय? तो आमचं लगीन झालं त्याच साली खाडीत बार्जच्या दोरात सापडून गेला, मास्तर."

दारात हौसा वर सारलेल्या बांगड्या एकेक करून मनगटावर उतरवत होती.