ममताची ताई

दुपारची कामं आवरली की सुरतहून धाकट्या बहिणीचा, ममताचा, व्हिडिओ कॉल यायचा. शहाद्याच्या आपल्या स्वयंपाकघरात दीपमाला मोबाइल खुर्चीसमोर डब्याला टेकवून ठेवायची आणि तिचं रडगाणं ऐकता ऐकता भांडी लावायची. मधूनमधून हुंकार दिला की भागायचं.

त्या दिवशी तर कॉल चालू असतानाच ती गच्चीवर कपडे काढायला गेली आणि शेजारणीशी गप्पांत रमली. परत आली तेव्हा ममता पदराने डोळे पुसत होती.

“ताई, आज माले हलकं वाटी ऱ्हायनं. मन्हाकडे देखत तू समदं ऐकी लिधं. आजलोंग असं कोनीच ऐकेल नही.”

दीपमालाने मोबाइलसमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. आपण इथे नव्हतोच, हे सांगायला तिची जीभ रेटेना. रात्रभर तिला तेच टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने टीव्ही बंद केला, हात कोरडे केले आणि मोबाइलसमोरची खुर्ची भिंतीला लावून बसली. आज बहिणीचं सगळं मनापासून ऐकायचं, असं तिने ठरवलं होतं.

कॉल लागला. ममताने तिच्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं.

“बोल ना, ममता. मी ऐकी ऱ्हायनू.”

ममता संकोचली. मान वाकडी करून ती दीपमालाच्या खांद्यामागे डोकावली.

“बाई, जराक बाजूले सरका ना. मन्ही ताई दिखत नही.”

दीपमाला नकळत सरकली.

ममताचा चेहरा खुलला.