तापवलेल्या दुधाचं आइस्क्रीम

एवढं आइस्क्रीम जमलं की नात नैना आपली झाली, असा अमेरिकेत अ‍ॅशबर्नला लेकाकडे आलेल्या सरलाताईंचा हिशेब होता. बाहेर ताजा बर्फ साचलेला. त्यात साखर नि थंड दूध घालून ढवळायचं, एवढं सोपं नैनाने सांगितलेलं. पण सून शिवांगीने आणलेला बर्फाचा तिसरा वाडगाही वितळला, तशी ती कावली.

"आई, दूध गरम कशाला करताय?"

"मग कच्चं देऊ पोरीला?"

"इथलं दूध पाश्चराइज्ड असतं हो!"

"असेल. मी तापवल्याशिवाय देत नाही."

शिवांगी चडफडत चौथ्यांदा बाहेर गेली. परतली, तर नैना आजीला बिलगून ते कोमट दूधपाणीच भुरकत होती. "आजी, वन मोअर!"

शिवांगी दारातच शिंकली.

"बघ! इतक्यांदा बाहेर जायला कुणी सांगितलं होतं?" सासूबाई म्हणाल्या.