गुहेच्या तोंडाशी

"होडी धरशील, की बापाचा सूड उगवशील?" सोटा खांद्यावर टाकत सिमूनने विचारलं.

"पळून जायची रीत तुमच्या घरात," डान्याल म्हणाला. "उतर आता."

सिमून थुंकला आणि गुहेत शिरला.

गुहा दोन्ही घरांची सामाईक. एका घराने आत जाऊन सील, म्हणजे चरबीने लठ्ठ समुद्री जनावरं, सोट्याने मारायची, दुसऱ्याने तोंडाशी होडी धरायची. डान्याल लहान असताना त्याचा बाप आत गेला होता, तो परत आलाच नाही. सिमूनच्या बापाने होडी मागे घेतली, नंतर परत येऊन शोधायचं नाटक केलं. डान्यालने आईचा हात धरून समोरच्या कड्यावरून सगळं पाहिलं होतं. सिमूनचा बाप मरेपर्यंत 'मी पळालो नाही' म्हणत राहिला. त्याच्या तोंडाकडेही कुणी बघितलं नाही. यंदा दिव्याला सीलच्या चरबीचं तेल दोन्ही घरांत नव्हतं, म्हणून आजचा हा घाट.

आत पांढरी पिल्लं रडत होती, माद्या गुरगुरत होत्या. वल्हं धरून बसलेल्या डान्यालला वाटलं, आता निघून गेलो तर फिटेल सगळं. त्याला या विचाराची लाजही वाटली नाही.

मग आत सोट्याचा आवाज झाला आणि कळप उधळला. पुढे दांडगा करडा नर. पिल्लांच्या दिवसांत तो खाणं सोडतो, जागा सोडत नाही, आज सोडली. बाहेर पडायची वाट एकच, आणि तिच्यात होडी आडवी. पहिल्याच धडकेत फळी तडकली. आणखी एक बसली असती तर दोघांनाही घरी न्यायला होडी उरली नसती.

डान्यालने होडी मागे घेतली.

"डान्याल! होडी कुठे नेतोस, हरामखोरा!"

"एवढे बाहेर पडू देत, आलोच!"

सील गेले. त्यांच्या मागोमाग मोठी लाट आत घुसली. डान्याल जिवाच्या आकांताने वल्ही मारत शिरला. पाण्यावर सोटा तरंगत होता. कित्येक वर्षांत त्याने त्या घरातल्या कुणाला नावाने हाक मारली नव्हती. आता तो 'सिमून, सिमून' करत ओरडत राहिला. पिल्लं तेवढी रडत होती.

बराच वेळ शोधून तो रिकामी होडी घेऊन बाहेर आला.

समोरच्या कड्यावर सिमूनची बायको उभी होती. लेकीने तिचा हात घट्ट धरला होता. तिथून गुहेच्या आतलं काही दिसत नाही. करड्या पाण्यात करडे सीलही दिसत नाहीत. फक्त मागे सरकणारी होडी दिसते.