उसवलेलं कुलूप

गिरणीच्या आगीला साठ वर्षं झाली म्हणून बायकांनी ती आग वीस हात लांब कापडावर भरतकामात उतरवली. ज्या घरची मुलगी गेली, त्या घराने आपली मुलगी भरायची असं ठरलं होतं. मला सुई धरता येत नाही, म्हणून माझी ताई शिंपीणबाईंनी भरली. आज सभागृहात तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. निळा झगा, दोन वेण्या, आणि तिच्या मागे सताड उघडं दार. दाराच्या कडीपाशी कापडाला सुईची बारीक भोकं पडलेली दिसली.

“तिथे कुलूप भरलं होतं आम्ही,” शिंपीणबाई म्हणाल्या. “मालकांचा नातू म्हणाला, दार बंद होतं याचा पुरावा दाखवा. तुम्ही जन्मभर वाचनालय सांभाळलंत, म्हणून तुम्हाला विचारायला आलो, तर तुम्ही नुसती नकारार्थी मान हलवलीत. मग उसवलं सगळं, आणि दार उघडं भरलं. काय हो भाऊ, एवढी पुस्तकं चाळलीत, आणि तेवढं एक कुलूप सापडलं नाही?”

“कागदोपत्री कुठेच नोंद नाही हो,” मी पुटपुटलो. “खात्री नसताना कसं सांगायचं?”

“तेही खरंच,” म्हणत त्यांनी ताईच्या वेणीचा सुटलेला धागा आत खोचला.

 

आगीच्या त्या दुपारी ताईचा डबा मी खिडकीच्या गजांमधून आत दिला होता, कारण दाराला बाहेरून कुलूप होतं.