मधल्या खोलीतला ढीग

जिवलीने ढिगाच्या बुडाशी कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. काहीतरी टोचलं म्हणाली. करंगळीजवळ सुई टोचावी तसे दोन बारीक ठिपके होते. रक्त जवळजवळ नव्हतंच.

रंजिता झाडू घेऊन तिच्या मागेच उभी होती. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेली शेपटी गोणीखालून सरकून भिंतीच्या फटीत शिरली, ती तिने नीट पाहिली होती. मण्यार. त्यांच्या सापगावात ती कुणाला ओळखून दाखवावी लागत नाही.

ती बोलणारच होती. पण साप म्हटलं की काम थांबणार, सगळी आळी अंगणात गोळा होणार आणि घरातून काय काय निघालं ते संध्याकाळपर्यंत मुरबाडला पोचणार. उद्या तिथली माणसं घर बघायला येणार होती. तिच्या धाकट्या दिराची, प्रज्वलची, चार स्थळं या घरानेच मोडली होती. तिच्या सासूने, शकूबाईंनी, वीस वर्षांत काही म्हणजे काही टाकलं नव्हतं. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, तुटक्या चपला, कुकरच्या दांड्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, जुन्या लग्नपत्रिका. मधल्या खोलीचं दारसुद्धा पुरतं उघडत नव्हतं. उंबरमाळीकडच्या पाड्यावरून जिवलीला बोलावून तीन दिवस उपसा चालला होता. दोनदा तिला गंजका पत्रा लागला, एकदा रचलेले डबे अंगावर कोसळले, तरी तिने कुरकुर केली नव्हती. आता एवढा कोपराच उरला होता.

"उंदीर असंल," रंजिता म्हणाली.

जिवलीने वळून तिच्याकडे पाहिलं. "तुमी बघितलं का, वयनी?"

"नाय गो. उंदीरच असणार. हात धू."

जिवलीने हात धुतला, वर हळद दाबली. रंजिताने तिला पुन्हा त्या कोपऱ्यात जाऊ दिलं नाही, अंगणात गोण्या बांधायला बसवलं. आपण तिची काळजी घेतली असं तिला वाटलंसुद्धा. दुखतबिखत नाही असं जिवली म्हणाली, तेव्हा तर तिचा जीव भांड्यात पडला.

शकूबाई ओटीवर, खोलीच्या दारासमोर बसल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी गोण्या धरून ठेवल्या, रडल्या. मग त्या नुसत्या बघत राहिल्या.

दोनेक तासांनी जिवलीच्या पोटात कळा सुरू झाल्या. सकाळपासून उपाशी आहेस का, असं रंजिताने विचारलं. जिवली काहीतरी म्हणाली, पण जीभ जड झाली होती. पापण्या आपोआप मिटत होत्या आणि ती बोटाने एक डोळा उघडा धरून बघत होती. तेवढ्यात रंजिताचा नवरा रविंद्र भंगार न्यायला टेम्पो घेऊन आला. त्याने काही न विचारता तिला उचललं, पुढे बसवलं आणि शहापूरला दवाखान्यात नेलं. रंजिता टेम्पोमागे चार पावलं गेली आणि थांबली.

अर्ध्या तासात त्याचा फोन आला. डॉक्टर विचारत होते, काय चावलं, कुणी बघितलं का.

"मण्यार," रंजिता म्हणाली. "आता दिसली, झाडताना."

"चावून किती टाइम झाला?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चावल्याला तीन तास होत आले होते.

"निघालात त्याच्या जरा आधी," ती म्हणाली.

चारच्या सुमारास पुन्हा फोन आला. जिवलीला ठाण्याला हलवायचं ठरलं होतं, पण गाडी येईपर्यंत तिचा श्वास बंद पडला. पाड्यावरून तिची माणसं निघाली होती. पोलीस विचारायला येतील, रविंद्र म्हणाला, मला सांगितलंस तेच त्यांना सांग.

रंजिता मोबाइल हातात घेऊन दारात उभी राहिली. शकूबाई ओटीवरून उतरल्या. अंगणात रचलेल्या गोण्यांपाशी गेल्या, एक निवडली आणि ओढत ओढत पायरीपर्यंत आणली. त्यांना दम लागला होता.

"ते जनावर मलाबी दिसलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तू बघितलंस, तेबी दिसलं."

मग तुमी का नाय बोललात, असं रंजिताच्या ओठांवर आलं होतं. ती दारातून बाजूला झाली. गोणी उंबऱ्याला अडली, तेव्हा तिने वाकून दुसरं टोक धरलं.