गाळून ठेवलेलं तेल

आपल्या दवाखान्यात उज्ज्वलाने वडिलांच्या मनगटावरची रक्त तपासणारी पट्टी काढली, पुसली आणि पुन्हा लावली. आकडा बदलला नाही. त्यांच्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलच्या दर शंभर कणांपैकी एकसष्ट कण ऑक्सिडीकरणाने खराब झाले होते. गेल्या वर्षी ते फक्त नऊ होते.

आहारतज्ज्ञ म्हणून तिनेच त्यांचा तक्ता आखला होता. तूप बंद, महिन्याला अर्धा लिटर करडईचं तेल.

"अण्णा, बाहेर काही खाल्लंत?"

"छे! तुझ्या तक्त्याबाहेर एक घासही नाही," विश्वनाथराव दुखावल्या स्वरात म्हणाले.

पट्टीवर दुसरी ओळ उमटली. मेदाचा उगम: करडई तेल, किमान चौदा वेळा तापवलेलं.

"चौदा वेळा?" ती जवळजवळ ओरडलीच.

"अगं, अर्धा लिटर पुरत नाही. कुरडया तळून उरलेलं गाळून ठेवतो आणि त्याचीच फोडणी देतो. तुझं माप मोडलं नाही मी."

तिने तक्ता पुन्हा वाचला. तेल किती घ्यायचं ते तिने लिहिलं होतं. तळणीचं तेल पुन्हा वापरू नका, हे मात्र कुठेच लिहिलं नव्हतं.

तिने दवाखान्याचं दार उघडलं. बाहेर तोच तक्ता घेऊन अकरा जण बसले होते.

"तळणीचं तेल पुन्हा कोण वापरतं?"

"मॅडम, थेंबही वाया घालवत नाही," एक बाई अभिमानाने म्हणाल्या. मग एकेक करत अकराही हात वर गेले.

"तक्ते परत द्या," उज्ज्वला कशीबशी म्हणाली. "चूक माझी आहे."